जुन्या जीपला नवा गिअर बॉक्स : मेळघाटाच्या घाटातले गणित

अमरावती जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून धारणी हे तालुक्याचे गाव आहे. अमरावतीहून तेथे जायचे तर परतवाड्यापर्यंतचा रस्ता सपाटीचा. त्यापुढे सातपुड्याची चढण लागते आणि घटांग, सेमाडोह, हरिसाल अशी गावे मागे टाकत वाहन धारणीत पोहोचते. हा मार्ग १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटातून जातो. धारणीच्या उत्तरेकडे तापीचे खोरे आणि पश्चिमेकडे देडतलाईमार्गे बऱ्हाणपूर. अकोला ते खंडवा ही मीटरगेज रेल्वे धूळघाटमार्गे या तालुक्याला स्पर्श करीत असे. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये ती बंद झाली. त्यामुळे रुग्ण असो, धान्याचे पोते असो की मोहाची फुले, सारा भार रस्त्यावर आणि रस्त्यावरच्या चाकांवर आहे.

अशा मुलखात जुनी जीप सहजासहजी भंगारात जात नाही. तिची चौकट मजबूत असते, पत्रा जाड असतो आणि तिचे बहुतेक काम साध्या पान्यांनी होते. जुनाट होतो तो गिअर बॉक्स. दात झिजतात, गिअर घाटात आपोआप सुटू लागतो, आणि मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो : जुनाच पुन्हा भरून घ्यावा, की नंतरच्या गाडीचा चार किंवा पाच गिअरचा बॉक्स बसवावा? दुसरा मार्ग आकर्षक वाटतो आणि पुष्कळदा योग्यही ठरतो. मात्र तो निवडताना बहुतेकांचे लक्ष पाचव्या गिअरकडे असते. धारणीच्या रस्त्यावर खरा उपयोग खालच्या गिअरांचा आहे, आणि खरा धोका गिअर बॉक्सबरोबर निघून जाणाऱ्या एका ब्रेकमध्ये आहे.

तीन गिअरची जीप

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या काळात विलीज जीपची जोडणी आणि पुढे निर्मिती भारतात सुरू केली. देशभर पसरली ती सीजे-३बी. अमेरिकेत या मॉडेलचे उत्पादन १९५३ ते १९६८ या काळात झाले. भारतात त्याचा वंश त्यानंतरही बराच काळ चालू राहिला. उंच बॉनेट, २.२ लिटरचे चार सिलिंडरचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन आणि त्यामागे टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स, ही तिची ओळख. विलीजचा एफसी-१५० हा चपट्या तोंडाचा पिकअपही महिंद्राने येथे बनविला. त्यात इंजिन चालकाच्या कक्षातच येत असल्यामुळे गिअरचा दांडा आणि त्याच्या कड्या वेगळ्या पद्धतीच्या आहेत व बदल अधिक किचकट होतो.

टी-९० हा अतिशय टिकाऊ गिअर बॉक्स आहे, यात शंका नाही. त्याची उणीव दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. सिंक्रोमेश म्हणजे गिअर जुळण्यापूर्वी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारी, बहुधा पितळी कड्यांची योजना. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ती प्रथम मोटारीत आणली. ती नसल्यामुळे चालत्या जीपमध्ये पहिला गिअर टाकायचा तर डबल क्लच करावा लागतो, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, ॲक्सिलरेटर दाबून, पुन्हा क्लच दाबायचा. सरावलेला चालक हे करतो. नवखा चालक गिअर करकरवतो, आणि उतारावर दुसऱ्यातून पहिल्यात येण्याच्या नादात दोन्हींच्या मध्ये, न्यूट्रलमध्ये अडकतो. भरलेली गाडी घाटात न्यूट्रलमध्ये येणे म्हणजे सर्व भार ब्रेकच्या ड्रमांवर येणे होय.

दुसरी उणीव आकड्यांची आहे आणि ती सहसा कोणी मोजत नाही. टी-९० च्या पहिल्या गिअरचे प्रमाण २.७९८, दुसऱ्याचे १.५५१ आणि तिसऱ्याचे १ आहे. सीजे-३बीच्या मागच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण ५.३८. जीपच्या १६ इंची टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटरचा धरला, तर इंजिनाच्या दर मिनिटाला २,००० फेऱ्यांवर पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे १७ किलोमीटर जाते आणि दुसऱ्यामध्ये सुमारे ३२. वळणावळणाच्या घाटात भरलेली जीप उतरते ती वीस ते पंचविसाच्या वेगाने. म्हणजे जो वेग हवा, नेमका त्याच वेगासाठी गिअर नाही. पहिल्यात इंजिन ओरडते, दुसऱ्यात गाडी पळू लागते आणि चालकाचा पाय ब्रेकवरून उठत नाही. तापलेले ड्रम पकड सोडतात, हे घाटात वाहन चालविणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता समजा, पाच गिअरचा असा बॉक्स बसविला की ज्याचे पहिल्याचे प्रमाण ३.८, दुसऱ्याचे २.२, तिसऱ्याचे १.४, चौथ्याचे १ आणि पाचव्याचे ०.८ आहे. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत; प्रत्यक्ष बॉक्स हाती आल्यावर दात मोजूनच हिशेब करावा.) मागचे प्रमाण तेच ठेवले तर २,००० फेऱ्यांवर दुसऱ्या गिअरचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास येतो. घाटासाठी हवी असलेली पायरी ती हीच. गाडी इंजिनाच्या ओढीवर उतरते आणि ब्रेक वळणापुरता राहतो. चढावरही पहिल्या गिअरमधील चाकांवरची ओढ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते.

पाचव्या गिअरचा लाभ परतवाडा ते अमरावती या सपाटीवर मिळतो. ताशी ८० किलोमीटरला जुन्या जीपचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,२५० फेरे करते, ०.८ च्या पाचव्या गिअरमध्ये तेच २,६०० वर येते. आवाज कमी होतो, इंधन काहीसे वाचते. तथापि चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आणि कमानी पाट्यांचे सस्पेन्शन असलेल्या जीपने ८० चा वेग धरावा का, हा प्रश्न गिअर बॉक्सने सुटत नाही.

येथे एक ठरलेली चूक होते. 'गाडी पळायला हवी' म्हणून गिअर बॉक्सबरोबरच मागचे क्राऊन-पिनियनही नव्या गाडीचे, ४.२७ च्या आसपासच्या प्रमाणाचे टाकले जाते. तसे केले की पहिल्या गिअरचे एकूण प्रमाण २०.४ वरून १६.२ वर, म्हणजे जवळजवळ जुन्या १५ वर परत येते. सारा खर्च होतो आणि घाटातला फायदा मात्र हातून जातो. यावर कोणी म्हणेल, की जीपला लो रेंज आहेच. ती आहे, ट्रान्सफर केसमध्ये २.४६ ची. परंतु मूळ रचनेत लो रेंज पुढची चाके जोडल्यावरच लागते, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून वळणे घेतली की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण साठत जातो. पुढच्या चाकांना मोकळी करणारी हब बसविलेली नसतील तर डांबरी घाटात लो रेंज वापरणे म्हणजे दात तोडण्याची तयारीच. ती चिखलासाठी आणि नाल्यांसाठी आहे.

कोणता बॉक्स?

नंतरच्या काळात महिंद्रानेच आपल्या जीपवंशातील गाड्यांना नवे बॉक्स दिले. प्यूजोच्या सुमारे २.१ लिटरच्या डिझेल इंजिनासह १९८० च्या दशकात आलेल्या एमएम-५४० ला केएमटी-९० हा चार गिअरचा, सर्व पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश असलेला बॉक्स होता. २००० मध्ये आलेली बोलेरो आणि २०१० मध्ये आलेली थार यांच्या काळात पाच गिअरच्या एनजीटी मालिकेचे बॉक्स रूढ झाले. मोडीत निघालेल्या गाड्यांमुळे हे सर्व बॉक्स जुन्या बाजारात मिळतात, सुटे भागही मिळतात, आणि आडगावच्या मालकाच्या दृष्टीने सुटा भाग मिळणे ही गोष्ट गुणवत्तेइतकीच महत्त्वाची आहे. परदेशी बॉक्स कितीही उत्तम असला तरी त्याची एक सिंक्रो रिंग तुटली की गाडी महिनाभर अंगणात उभी राहते.

मात्र बोलेरोच्या नावाने बाजारात येणारे बहुसंख्य बॉक्स केवळ मागची चाके फिरविणाऱ्या गाड्यांचे असतात. त्यांना ट्रान्सफर केस जोडण्याची सोय नसते. मागचा शाफ्ट गाडीच्या मध्यरेषेत निघतो. विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केसचे तोंड आणि मागच्या ॲक्सलचा फुगा दोन्ही उजवीकडे सरकलेले असतात. मध्यातून निघणारा शाफ्ट उजवीकडच्या पिनियनला तिरका जोडला, तर युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस (खेड्यातील मेकॅनिक ज्याला नुसते 'क्रॉस' म्हणतात) थरथरत राहतात आणि लवकर झिजतात. फोर व्हील ड्राइव्ह जाते ते वेगळेच. पावसाळ्यात पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर जिचा उपयोग, तीच शक्ती गमावून पाचवा गिअर मिळविणे हा धारणीसारख्या ठिकाणी तोट्याचा सौदा आहे.

म्हणून जाणकारांचा सल्ला असा, की बॉक्स सुटा घेऊ नये. फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या एकाच गाडीची पूर्ण जोड घ्यावी : बेल हाऊसिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस, त्याचे दांडे आणि खालचे क्रॉस मेंबर. एकाच कारखान्याने एकमेकांसाठी बनविलेले भाग एकमेकांत बसतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले भाग खरादवाल्याच्या भरवशावर बसतात.

खरादवाल्याचे काम

मूळ पेट्रोल इंजिन ठेवून नवा बॉक्स लावायचा असेल तर इंजिनाचे आणि बेल हाऊसिंगचे बोल्ट जुळत नाहीत. मध्ये लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची जोडपट्टी लागते. ही पट्टी पंधरा-वीस मिलिमीटर जाडीची असली तरी तिच्यामुळे बॉक्स तेवढाच मागे सरकतो, आणि त्याच्या इनपुट शाफ्टचे टोक फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचावे म्हणून बेअरिंगसाठी लांब बुश करावे लागते. हा बुश चुकला तर शाफ्ट हवेत लोंबकळतो, आणि काही महिन्यांत पुढचे बेअरिंग वाजू लागते.

त्याहून नाजूक काम केंद्र जुळविण्याचे. इंजिनाच्या क्रँक शाफ्टचा आणि गिअर बॉक्सच्या शाफ्टचा अक्ष एकच असावा लागतो. फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच चालतो. डोळ्याने हे दिसत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून, इंजिन हाताने फिरवीत, बेल हाऊसिंगच्या भोकाचा काठ मोजावा लागतो. ज्या कारखान्यात डायल गेज नाही, तेथे हे काम देऊ नये. नवा बॉक्स बसविल्यावर गिअर सुटत असेल, क्लच दाबूनही गिअर करकरत असेल, तर दोष बॉक्समध्ये शोधला जातो; तो पुष्कळदा या न मोजलेल्या अंतरात असतो.

क्लच प्लेट नव्या बॉक्सच्या शाफ्टच्या खाचांची हवी आणि तिचा व्यास जुन्या फ्लायव्हीलला साजेसा हवा. जुन्या जीपचा क्लच दांड्यांनी किंवा केबलने चालतो, नंतरच्या गाड्यांचा तेलाच्या दाबावर. त्यामुळे पेडलपाशी मास्टर सिलिंडर बसवावा लागतो. बॉक्स लांब असल्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड आणि पुढचा लांब करावा लागतो. शाफ्ट कापून जोडल्यावर तो तोलून घेणे आवश्यक असते. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे राहिले पाहिजेत, आणि सरकत्या जोडात गाडी भरल्यावर व रिकामी असताना खेळायला जागा उरली पाहिजे. आखूड चाकांतराच्या जीपमध्ये मागचा शाफ्ट आधीच इतका लहान असतो, की लांब बॉक्स घातल्यावर त्याचा कोन तीव्र होतो. या कारणाने आखूड जीपला चार गिअरचा बॉक्स आणि लांब जीपला किंवा पिकअपला पाच गिअरचा, ही वाटणी सोयीची ठरते.

निघून जाणारा हँडब्रेक

सीजे-३बी आणि तिच्या आधीच्या जीपांमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्टवर बसविलेल्या छोट्या ड्रमवर असतो. गिअर बॉक्सबरोबर जुनी ट्रान्सफर केस निघाली, की हँडब्रेकही निघतो. नवी जोड ज्या गाडीतून आली तिचा हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांच्या ड्रममध्ये असतो. आणि जुन्या जीपच्या मागच्या ड्रममध्ये त्याची केबल लावण्याची सोय नसते.

परिणामी गाडी सुंदर चालते, गिअर लोण्यासारखे पडतात, पण उभी करायला चाकाखाली दगड लागतो. घाटात पंक्चर काढताना, चढावर प्रवासी उतरविताना दगड सरकला तर काय होईल, याचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. गिअरमध्ये ठेवून गाडी उभी करणे हा उपाय नव्हे; ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये सरकली तर गिअर असूनही चाके मोकळी होतात. त्यामुळे मागच्या ड्रमसह ब्रेकच्या पाट्या हँडब्रेकच्या सोयीच्या घेणे, किंवा नव्या ट्रान्सफर केसला शाफ्टवरचा ब्रेक बसविणे, हा खर्च मूळ अंदाजातच धरला पाहिजे. तो नंतर करू म्हणून ठेवला, की राहतो. याच वेळी मुख्य ब्रेकचे सिलिंडर आणि लायनिंगही बदलून घ्यावे, कारण ओढ वाढली की भारही वाढविला जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

कागदोपत्री

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक, क्षमता, इंधन, चाकांतर, आसने यांच्या नोंदी असतात. गिअर बॉक्सची नोंद नसते. म्हणून मालक समजतात की हा बदल कायद्याच्या नजरेबाहेर आहे. हे अर्धे खरे आहे. बॉक्ससाठी चॅसिसचे आडवे लोखंड कापले, फोर व्हील ड्राइव्ह काढून टाकली किंवा त्याच ओघात इंजिनही बदलले, तर तो बदल वाहनाच्या मूळ रचनेतील बदल ठरू शकतो. इंजिन बदलासाठी पूर्वपरवानगी अनिवार्य आहे. मेळघाटात आज फिरणाऱ्या अनेक मूळच्या पेट्रोल जीपमध्ये पूर्वीच्या कोणा मालकाने डिझेल इंजिन घातलेले असू शकते; ती नोंद प्रमाणपत्रात झाली आहे का, हे गिअर बॉक्सला हात लावण्यापूर्वी तपासावे. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवणे आणि विमा कंपनीला कळविणे, हे दोन कागद अपघातानंतर कामी येतात. जुन्या बाजारातील बॉक्सची पावतीही घ्यावी. चोरीच्या गाड्या सुट्या भागांच्या रूपानेच विकल्या जातात.

पन्नास वर्षांहून जुन्या जीपच्या मालकाला आणखी एक विचार करावा लागेल. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालविता येत नाही. ज्याची जीप पोटासाठी धावते त्याला हा मार्ग उपयोगाचा नाही, पण हौशी मालकाने चॅसिस न कापता, जुना बॉक्स न विकता बदल करावा, हे बरे. दुसरीकडे, एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने मोडीतच काढली जातात. सरकारी लिलावातून खासगी हातांत येणाऱ्या जीपांचा जुना झरा त्यामुळे आटला आहे आणि असलेली गाडी टिकविण्याचे मोल वाढले आहे.

पहिले काही दिवस

बॉक्स बसला की प्रथम रिकामी गाडी सपाटीवर चालवावी, मग रिकामीच घाटात न्यावी. चढून, उतरून, ॲक्सिलरेटर एकदम सोडून कोणता गिअर सुटतो का ते पाहावे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि तेल उतरवून त्यात पितळेचा चुरा आहे का ते पाहावे. थोडी चमक चालते. कण हाताला लागले तर बॉक्स उघडावा. तेल पितळी सिंक्रोला मानवणारे, जीएल-४ दर्जाचे घालावे. त्याहून 'वरचे' म्हणून जीएल-५ दर्जाचे तेल देणारे दुकानदार भेटतात. डिफरन्शियलला ते उत्तम, पण त्यातील काही रसायने पितळेला बाधतात.

मेळघाटात जून लागला की नाले फुगतात आणि जीप गुडघाभर पाण्यातून काढावी लागते. तापलेला गिअर बॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि हवा घेण्याच्या छिद्रातून पाणी ओढले जाते. नव्या बॉक्सच्या या छिद्राला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच बांधून ठेवावी. पाण्यातून गाडी काढल्यावर दुसऱ्या दिवशी तेलाचे बूच उघडावे. तेल दुधाळ दिसले तर ते त्याच दिवशी बदलावे.